रेग्युलेटर काका

‘गॅस बंद केलास का?’ हा प्रश्न इतर माणसं घरातून निघताना बायकोला विचारतात. आमचे रेग्युलेटर काका तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारतात. परवा कुरियरवाल्यालाही विचारला.

काकांचं खरं नाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर असेल. तरुणपणी ते गिरणीच्या बॉयलर खात्यात होते. १९८२चा संप झाला, गिरणी गेली, बॉयलर भंगारात गेला. दाब तेवढा काकांच्या अंगात राहिला. प्रभादेवीतल्या आमच्या चाळीचा टॉवर व्हायचा ठरला तेव्हा सगळ्यांनी बिल्डरला ‘कार्पेट किती?’ विचारलं. काकांनी विचारलं, ‘स्वयंपाकघराचा झरोका किती उंचावर?’

चाळीत ते सिलेंडरवाल्याला जिन्यातच गाठायचे. सिलेंडरच्या गळ्याशी पट्टीवर रंगवलेलं अक्षर आणि आकडा चष्मा वर करून वाचायचे. ‘सी ०९! म्हणजे जुलै ते सप्टेंबर २००९. चाचणीची मुदत संपली, परत ने.’ खांद्यावर भरलेला सिलेंडर घेतलेला तो माणूस म्हणायचा, ‘काका, गॅस आहे, दूध नाही नासायला.’ पण न्यायचा.

टॉवरमध्ये पाइपचा गॅस आला आणि काकांचं शास्त्र उलटं झालं. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, तो छताकडे जातो. म्हणून झरोका वर हवा आणि उघडा हवा. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी तो वर्तमानपत्र कोंबून बुजवला होता. ‘कबुतरं येतात हो काका.’ काका म्हणाले, ‘कबुतर आलेलं दिसतं वहिनी. गॅस दिसत नाही.’ दुसऱ्या दिवशी स्वतःच जाळी आणून ठोकून गेले. सातव्या मजल्यावर फर्निचरवाल्याने ‘लुक बिघडतो’ म्हणून गॅसचा पाइप पीओपीआड लपवला होता. काकांनी तो उघडा करून घेईपर्यंत त्या घरी वास्तुशांत होऊ दिली नाही. गुरुजी त्यांच्या बाजूने होते, कारण होम होता.

काकांच्या पिशवीत दाढीचा जुना ब्रश आणि साबणाच्या पाण्याची वाटी असते. सांध्यावर फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का, ते श्वास रोखून बघायचं. काडी ओढून गळती शोधणाऱ्याशी ते आयुष्यात पुन्हा बोलत नाहीत. मग शेगडीमागची नारिंगी नळी ओढून तिच्यावर छापलेलं साल वाचायचं. पाच वर्षं उलटली असतील तर नळीसमोरच घरच्यांची हजेरी.

बाथरूममधला गॅस गीझर हा त्यांचा जुना वैरी. ‘गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून,’ ते सांगतात. ‘कोंडलेल्या जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास कोण घालणार?’ याला उत्तर नसतं. त्यांच्या भीतीने तीन घरांतले गीझर निघाले. त्या घरची मुलं अजून त्यांना बघून जिना बदलतात. मला विचाराल तर हा माणूस शेजारी म्हणून असह्य आहे, पण आमच्या मजल्यावर आहे हे बरं आहे.

एकोणिसाव्या मजल्यावर शिकागोहून परतलेलं जोडपं आलं आणि हॉलमध्ये गॅसची फायरप्लेस बसवायचं म्हणू लागलं. काका महिनाभर तरुण झाले. जळक्या हवेचं धुराडं कुठून काढणार? काचेच्या भिंतीतून? बाहेरची हवा कुठून येणार? ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होईल का? शेवटी म्हणाले, ‘जानेवारी १९६२मध्ये सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेव्हाही आम्ही गोधडीवर भागवलं.’

जोडप्याने हात टेकले आणि विजेवरची आणली. लाकडं खोटी, ज्वाळाही खोट्या. काका पाहायला गेले. गुडघ्यांवर बसून त्यांनी ज्वाळांपुढे तळवा धरला आणि चेहरा पडला, गॅसच नव्हता. उठता उठता त्यांची नजर वायरीमागून भिंतीपर्यंत गेली.

‘दोन हजार वॅट? आणि पॉइंट सहा अँपिअरचा?’ काकांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी चढलं. ‘मीटर रूमची चावी कोणाकडे आहे?’