चाचांचा ‘नक्को’

भालकीत आम्ही घरात मराठी बोलतो, कचेरीत कन्नड आणि पंक्चरच्या दुकानात दखनी. आपला सडपातळ ‘नको’ त्या दुकानात शिरला की अंगाने भरतो आणि ‘नक्को’ होतो. भाच्याच्या गाडीचंही तेच झालं, फक्त ती अंगाने भरली मागच्या बाजूला.

गाडी म्हणजे स्प्लेंडर. दोन्ही चाकांना कंपनीचा ८०/१००-१८ टायर. मागून बारीक दिसते म्हणून पोरं हसतात, हे त्याचं दुःख. त्याने १००/९०-१८ पसंत केला. पंक्चरवाले चाचा म्हणाले, “कैकू बेटा, नक्को.” भाचा मला म्हणाला, “मामा, घाबरू नका. आधी शंभर होतं, आता नव्वद. उलट बुटकाच टायर घेतोय.”

शेकडेवारीच्या तासाला हा कुठे होता कोण जाणे. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. शेवटचे अठरा इंच रिंगचे. ऐंशीचे शंभर टक्के ऐंशीच, पण शंभराचे नव्वद टक्के नव्वद. म्हणजे बुटका म्हणून आणलेला टायर दहा मिलिमीटर उंच निघाला, आणि मागचा आस तेवढाच वर चढला.

दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीएवढं. पण आमचे आजोबा बैलगाडी भरताना एकेक पोतं मागेपुढे सरकवून बघत. गाडी उलाळही नको आणि बैलांच्या मानेवर ओझंही नको. मोटारसायकलला बैल नसले तरी मान असतेच. मागचं ढुंगण वर गेलं की पुढची मान खाली झुकते आणि पुढचं चाक धरणारा काटा जरा ताठ उभा राहतो. स्प्लेंडरच्या दोन चाकांतलं अंतर १२३६ मिलिमीटर. त्या हिशेबाने हा फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा.

आता हँडल ज्या दांड्यावर फिरतं, त्याची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत ओढा. ती चाक टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते. गाईमागे वासरू चालावं तसं चाक त्या बिंदूच्या मागे चालतं, म्हणून भरकटलं तरी आपोआप सरळ होतं. काटा ताठ झाला की हे अंतर घटतं. इथे तीनेक मिलिमीटरने. वासरू तेवढं हुंदडायला मोकळं.

शिवाय रिंग जुनीच, अरुंद. तिच्यात रुंद टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि माथ्याशी मोदकासारखा टोकदार होतो. घेतला रस्ता धरायला, पण सरळ चालताना टेकायला मिळते मधली चिंचोळी पट्टी. चाकाचा घेरही सहाएक सेंटिमीटरने वाढलेला, त्यामुळे चढावर गाडी गिअर चुकल्यासारखी दम टाकते.

भालकीच्या बाजारात भाचा खूश होता. “मामा, हँडल लोण्यासारखं झालंय!” मग तो माणिकनगरला दर्शनाला निघाला. हुमनाबादजवळ ६५ क्रमांकाच्या महामार्गावर शेजारून ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने लोणी वितळलं. घरी आला तो दोन्ही हातांचे पंजे चोळत.

गंमत अशी की आमची ही मागे बसली की दोष आपोआप दुरुस्त होतो. तिचं माहेर आळंदचं, येताना मांडीवर तुरीचं गाठोडं ठरलेलं. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या शॉकअपने तिचं वजन त्याआधीच मान्य केलं होतं. मागचा भाग दहा मिलिमीटर कसला, चांगला दोन बोटं खाली बसतो आणि काटा पुन्हा कलतो. भाचा म्हणाला, “म्हणजे मामी रोज पाहिजे.” मामीने ज्या नजरेने पाहिलं, ती शॉकअपने सोसली नसती.

अखेर चाचांनी ८०/१००-१८ पुन्हा चढवला. बोलले काहीच नाहीत, फक्त पैसे मोजून घेतले.

तेव्हा टायर बदलायला जाताना गाडीची पुस्तिका सोबत न्या. आकडा तिच्यात छापलेला असतो. आणि चाचा ‘नक्को’ म्हणाले तर ऐका. शब्द शेवटी आपलाच आहे.