मालगुडी नगरपालिकेस, पत्ता ठाऊक नसल्यामुळे जाहीर

प्रति,
मा. अध्यक्ष,
मालगुडी नगरपालिका,
जिल्हा: ………… पिन: …………

विषय: आपले गाव नेमके कोठे आहे याबाबत खुलासा मिळणेबाबत.

महोदय,

वरचे दोन रकाने आपणच भरून घ्यावेत. असलं पाकीट टपालात चालत नाही, म्हणून हा जाहीर खटाटोप.

१९८६ साली दूरदर्शनवर आर. के. नारायण यांच्या गोष्टींवरची ‘मालगुडी डेज’ ही मालिका लागली आणि आपल्या गावातलं आम्हाला घरच्यासारखं सगळं कळायला लागलं. छोट्या स्वामीची शाळा अल्बर्ट मिशन, नदी सरयू, टेकड्या मेंपीच्या, आणि बाप असा कडक की सुट्टीतसुद्धा पोराला गणित घालणार. रामाला दहा आंब्यांचे पंधरा आणे हवेत, कृष्णाला चारच आंबे हवेत, तर कृष्णाने द्यायचे किती? स्वामी अडला तो भागाकारावर नाही. आंबे पिकलेत की कच्चे, हे कळल्याशिवाय भाव कसा ठरवायचा, यावर. एवढं आतलं कळूनही तुमच्या गावाला जायचं कसं, हे मात्र आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

मालिका पाहिलेला माणूस छातीठोकपणे सांगतो, मालगुडी म्हणजे आगुंबे. मालिकेचे दिग्दर्शक शंकर नाग यांनी चित्रीकरण तिथे केलं, हे खरंच आहे. शिवमोग्गा जिल्हा, तीर्थहळ्ळी तालुका. आम्हीही नकाशा उघडला, तर आगुंब्याला रेल्वेच नाही! स्टेशनातली दृश्यं घेतली अरसाळूला, म्हणजे गाव एका तालुक्यात आणि त्याचं स्टेशन दुसऱ्यात. आपल्या पालिकेच्या हद्दीबद्दल शंका घ्यायला ही सुरुवात पुरेशी आहे. शिवाय आगुंब्याला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. स्वामी आणि मंडळी कादंबरीत सरयूच्या कोरड्या वाळूत संध्याकाळी घालवतात. आगुंब्यात ती पोरं बारा महिने छत्री धरून बसली असती.

कोइमतूरवाले वेगळंच सांगतात. त्यांच्याकडे लॉली रोड आहे, लेखकाची सासुरवाडी आहे. त्रिचीकडच्यांना त्यांचं लालगुडी पुरेसं वाटतं. बंगळूरचे हुशार लोक मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्यांची मोडतोड करून आपलं नाव तयार करतात. हा दावा आम्ही वाचताक्षणी बाजूला ठेवला. म्हैसूरकडे मात्र आर. के. नारायण यांचं यादवगिरीतलं घरच आहे. ते पाडायला निघाले होते, मग वाचवलं, २०१६ मध्ये संग्रहालय केलं. मधल्या काळात काही कन्नड साहित्यिकांनी हरकत घेतली, की हा माणूस तमिळ, लिहितो इंग्रजीत, तर आमच्या पैशातून स्मारक कशाला? आता विचार करा. पुस्तक इंग्रजी, गल्ल्यांची नावं एल्लम्मन आणि विनायक मुदली, जमीन मलनाडची, नट बहुतेक कन्नड, संवाद हिंदी. असल्या गावाला रहिवासी दाखला कोणत्या तहसीलदाराने द्यायचा?

आणि हा घोळ घालण्यात आपल्या पालिकेचा हात नाही, असं कृपया म्हणू नये. नारायण यांची ‘लॉली रोड’ ही गोष्ट आम्ही वाचली आहे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर आपल्या सन्माननीय सभासदांना रस्त्यांची नावं बदलायचा झटका आला. कॉरोनेशन पार्कचं हमारा हिंदुस्थान पार्क झालं. महात्मा गांधींचं नाव प्रत्येक वॉर्डाला हवं, त्यामुळे एकाच नावाची ठिकाणं गावात चार. पत्रं भलत्याच घरी जायला लागली आणि आपण राहतो कुठे, हे खुद्द गावकऱ्यांना सांगता येईना. मग सर फ्रेडरिक लॉली यांचा पुतळा काढायचा ठराव. मग तारा येऊ लागल्या की ज्याचा पुतळा पाडलात तो लॉली तर सज्जन होता. तोवर पुतळा एका वार्ताहराच्या घरात आडवा पडलेला, अर्धा आत आणि अर्धा रस्त्यावर. शेवटी ते घरच स्मारक म्हणून विकत घेतलं. पुतळा हलवण्यापेक्षा घर घेणं सोपं, हा हिशेब आमच्याकडच्या नगरसेवकांनाही सहज पटेल. पण ज्या गावात रहिवाशांना स्वतःचा पत्ता येत नाही, तिथे आम्ही परगावच्यांनी काय करावं?

लेखकाला विचारावं, तर त्यांनी हात झटकलेले. गाव काल्पनिक आहे, कुठल्याच नकाशावर सापडायचं नाही, असं ते लिहितात आणि लगेच कंसात कबूल करतात की शिकागो विद्यापीठाच्या एका वाङ्मयीन नकाशात मालगुडीची जागा दाखवली आहे. दक्षिण भारतातलं छोटं गाव म्हटलं तरी ते अर्धंच खरं, असंही म्हणतात. आपली माणसं त्यांना न्यूयॉर्कच्या तेविसाव्या रस्त्यावरसुद्धा भेटली. इतकं उदार धोरण असलेल्या गृहस्थांनी ‘गाइड’ सिनेमाच्या वेळी मात्र चांगलाच राग धरला. १९६५ सालच्या त्या सिनेमात आपलं गाव उचलून राजस्थानात नेलं. म्हणजे मालगुडी न्यूयॉर्कात चालते, उदयपुरात चालत नाही. आमच्या मते नारायण यांचं बरोबर होतं. कारण मात्र विचारू नये.

दावेच घ्यायचे असतील तर आमचाही नोंदवून घ्यावा. शंकर नाग मुंबईत मराठी नाटकांत वावरले, ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाचे ते सहलेखक. मालिकेतली रेखाचित्रं आर. के. लक्ष्मण यांची, ते लेखकाचे धाकटे भाऊ, जन्म म्हैसूरचा, पण आयुष्य मुंबईत आणि अखेर पुण्यात. त्यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा आमच्याकडे पुण्यातही आहे, वरळीलाही, आणि अजून कोणी पाडायला काढलेला नाही. कौलारू घरं आणि समोरची ओसरी पाहून ‘हे सावंतवाडीच्या पुढे कुठेतरी असणार’ असं म्हणणारे प्रेक्षक तर आमच्याकडे गल्लोगल्ली होते.

मधल्या काळात रेल्वेने मालगुडी एक्सप्रेस नावाची गाडी म्हैसूरहून बंगळूरकडे सोडली. ती मालगुडीला थांबत नाही. अरसाळू स्टेशनात मालगुडी संग्रहालय झालं; मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनीच ते सजवलं. आमची भीती अशी की आता कोणीतरी वेशीवर कमान उभारील, ‘आय लव्ह मालगुडी’ची लाल अक्षरं लावील, आणि त्यापुढे फोटो काढायला आम्हीच पहिले रांगेत असू. सबब खुलासा करताना अक्षांश-रेखांश देऊ नयेत. अंदाज येईल इतपतच लिहावं.

कळावे,
आपला विश्वासू,
एक जुना प्रेक्षक

प्रत माहितीसाठी:
स्टेशनमास्तर, अरसाळू (मालगुडीचं परतीचं तिकीट मागणाऱ्यास हसू नये)
कोइमतूर महापालिका (दावा विचाराधीन)
सर फ्रेडरिक लॉली (उभे असल्यास)