खोबरेल, नारळ आणि स्टीयरिंग लॉक

पुण्याहून दापोलीला जायला ताम्हिणी आहे, आंबेनळी आहे, पण आमच्या मेहुण्यांना वरंधच लागतो. दरडी कोसळतात म्हणून पावसाळ्यात हा घाट बरेचदा बंद ठेवतात. सरकारला अधूनमधून बंद ठेवावासा वाटतो तोच खरा रस्ता, असं मेहुण्यांचं मत आहे. त्यामुळे दिवाळीनंतर घाट उघडल्याचं कळताच ते, त्यांची बहीण म्हणजे आमची ही, माझी आत्या आणि मी असे भोरमार्गे निघालो. गाडी मेहुण्यांची. ती त्यांच्याकडे येईपर्यंत बऱ्याच घरांत नांदून आली होती, पण मेहुणे तिला 'सिंगल हँडेड' म्हणतात. कारण विचारलं तर म्हणाले, "प्रत्येकानं एकाच हातानं चालवली."

भोर सोडल्यावर नीरा देवघरचं पाणी कितीतरी वेळ रस्त्याला सोबत करतं. ते पाहून आत्या म्हणाली, "एवढं पाणी इथे पडलंय, आणि आमच्या सोसायटीत सकाळचा एक तास." पुढे तासभर तिने धरणाकडे पाहिलंच नाही.

वाघजाईच्या देवळापाशी सगळे थांबतात तसे आम्हीही थांबलो. समोर खोल दरी, टपऱ्यांवर कांदाभजी, आणि भज्यांवर माकडांचा डोळा. कावळ्या किल्ल्याला मधोमध चिरून हा रस्ता काढलाय, ही माहिती मेहुण्यांनी आम्हांला दिली, मग टपरीवाल्याला दिली. टपरीवाल्याने ती शांतपणे ऐकून घेतली. तो त्या किल्ल्याखालीच जन्मला होता.

उतारावर गाडी लावताना पुढची चाकं डोंगराकडे वळवून ठेवावीत, म्हणजे ब्रेक सुटलाच तर गाडी दरीत जात नाही, डोंगराला टेकते. नियम उत्तम आहे. मेहुण्यांनी तो पाळला. शिवाय चाक एका भल्याथोरल्या दगडाला घट्ट टेकवून वरताण पाळला, चावी काढली, स्टीयरिंग 'टक्' करून लॉक झालेलं ऐकलं आणि भजी खायला आले.

भजी संपली. मेहुण्यांनी चावी घातली. ती आत गेली, पण फिरेना. उलटी करून घातली. पदराला पुसून घातली, पदर आत्याचा. फुंकर मारून घातली. ती जागची ढिम्म हलली नाही.

गाडी बंद पडली की आपल्याकडे मदतीला बोलवावं लागत नाही. एक टेम्पोवाला आला आणि लांबूनच म्हणाला, "बॅटरी उतरली." बॅटरी उतरली तर सेल्फ लागत नाही, पण चावी तरी फिरते, असं मी म्हणालो. ते खोडून काढायला त्याने हॉर्न दाबायला सांगितलं. हॉर्न ठणठणीत वाजला. माकडं पळाली आणि बातमी पसरली असावी, कारण दुप्पट होऊन परत आली.

मग एकाने पक्कड आणली. "चावीला पक्कड लावा न् पिळा." एवढ्यानं चावी नक्की फिरते, फक्त अर्धी हातात येते आणि अर्धी आत राहते. दुसरा महाडहून टोचन मागवू म्हणाला. टोचनवाला त्याचा मावसभाऊ निघाला. टपरीवाल्याने देवीला नारळ वाढवायचा सुचवला आणि नारळ पुढे केला. मोटरसायकलींवरून आलेल्या पोरांत कानात बाळी घातलेला एक होता. तो म्हणाला, "काका, स्टीयरिंग डावी-उजवीकडे हलवत हलवत चावी फिरवा ना."

मेहुण्यांनी त्याच्या बाळीकडे पाहिलं. "बंद गाडीचं स्टीयरिंग फिरवलं की पॉवर स्टीयरिंगचं वाटोळं होतं," ते म्हणाले. इतक्या माणसांत एकच जण बरोबर बोलत होता आणि तो सेल्फी काढायला निघून गेला.

"आमच्या ह्यांच्या गाडीला हँडल होतं," आत्या म्हणाली. "पुढून घुसवायचं, गरागरा फिरवायचं. चावी अडून बसायचा प्रश्नच नव्हता." आत्याचं खरं आहे. चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा सेल्फ स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल मारून मनगट मोडून घ्यायची सोय हळूहळू गेली. तरीही पुढे बरीच वर्षं चावीने नुसता वीजप्रवाह सुरू व्हायचा, इंजिनासाठी वेगळं बटण नाहीतर पायाचं पेडल असायचं. चावी फिरवली की गाडी सुरू, ही चैन क्रायस्लरने 1949 साली आणली. ती चोरांचीही चैन होऊ नये, म्हणून स्टीयरिंगला कुलूप असतं. अमेरिकेत तर 1970 पासून चावी काढली की स्टीयरिंग नाहीतर गाडीचं चालणं अडलंच पाहिजे, असा नियम आहे. चोर किती थांबले ते अमेरिकेला ठाऊक. वाघजाईला मालक थांबला होता.

अखेर जमावाने ठरवलं, दे धक्का. चावीच फिरत नसताना धक्क्याने काय होणार, हे मी विचारलं. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, आधी ढकलू तर द्या." त्यातून स्टीयरिंग कुलूपबंद आणि पुढे घाटाचा उतार, म्हणून निदान मागे, चढाकडे ढकलायचं एवढं मी कबूल करून घेतलं. सगळे बॉनेटला भिडले. मेहुणे डाव्या सीटवर हँडब्रेक धरून बसले. आत्या चालकाच्या जागी. ती मघाशीच तिथे जाऊन बसली होती, पर्समधली खोबरेल तेलाची बाटली काढून तिने चावीच्या भोकात यथेच्छ तेल सोडलं होतं आणि आता उठायला तयार नव्हती. तिकडे टपरीवाल्याने नारळ फोडला. त्याच क्षणी गाडी वीतभर मागे सरकली, दगड सुटला, आत्याने घाबरून एका हाताने स्टीयरिंग गच्च धरलं, दुसऱ्याने चावी, आणि इंजिन सुरू झालं.

"बघितलंस? खोबरेल," आत्या म्हणाली.

"वाघजाई पावली," टपरीवाला म्हणाला आणि नारळाचे पैसे घेतले. टेम्पोवाल्याच्या मते धक्का. मेहुण्यांच्या मते त्यांनी हँडब्रेक अचूक सोडला. मावसभाऊवाला तेवढा नाराज दिसला.

तिथून महाडपर्यंत मेहुण्यांनी इंजिन बंद केलं नाही. हिला चवदार तळं पाहायचं होतं. 1927 च्या 20 मार्चला बाबासाहेबांनी हजारोंसह जिथलं पाणी प्यायलं ते तळं इतक्या जवळून जाताना न पाहता जायचं नाही, असं ती पुण्यापासून म्हणत होती. तेव्हा मेहुणे चालू गाडीत बसले आणि आम्ही तळ्यावर जाऊन आलो. पेट्रोल पंपावर मात्र पोऱ्या हटून बसला. "गाडी बंद करा, मग नोझल." मेहुण्यांनी त्याला परिस्थिती समजावली, वय सांगितलं, ओळखी सांगितल्या. पोऱ्याने 'इंजिन बंद ठेवा' या पाटीकडे बोट दाखवलं. गाडी बंद केली, पेट्रोल भरलं, आणि चावी पुन्हा फिरेना. या वेळी चाकाखाली दगड नव्हता आणि जवळपास देऊळही नव्हतं.

पंपावरच्या माणसांनी ढकलून बाजूला लावून दिली आणि बाजारातून चावीवाल्याला बोलावणं धाडलं. तो आला, चावी उन्हात धरून पाहिली आणि म्हणाला, "ही कितवी?"

"कितवी म्हणजे?"

"डुप्लिकेटची डुप्लिकेट, तिचीही डुप्लिकेट. झिजलेल्या चावीवरून चावी काढली की झीजसुद्धा उतरते." मग त्याने कुलपाचं पोट समजावलं. आत स्प्रिंगवर बसवलेल्या बारक्या पितळी पत्र्या असतात. चावी बरोबर असेल तर प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारख्या सगळ्या एका ओळीत उभ्या राहतात, चावी झिजली की एखादी डोकं वर काढते आणि कुलूप अडतं. घाटातली हकीकत ऐकून म्हणाला, "आणि घाटातलं दुखणं वेगळं. चावी काढून स्टीयरिंग जरा फिरलं की दांड्याच्या खाचेत खुंटी पडते. चाक दगडाला रेटलेलं, म्हणजे दांडा खुंटीला दाबून बसलेला. कशी वर येणार? स्टीयरिंग हलवायचं, दाब सुटतो, चावी लोण्यातून फिरते. जोर करायचा नाही."

मेहुणे म्हणाले, "तेच मी त्या बाळीवाल्याला सांगत होतो."

चावीवाल्याने कुलपात काडी घातली. काडी काळी, चिकट होऊन बाहेर आली. "ह्याच्यात तेल कुणी ओतलं?" आम्ही आत्याकडे पाहिलं. आत्याने मेहुण्यांकडे पाहिलं. तेलाने धूळ धरते, धुळीचा लगदा होतो आणि पत्र्या चिकटतात, असं सांगत त्याने स्प्रे मारून आतलं सगळं धुऊन काढलं. कोरी चावी घालून हलवली, तिच्यावर उठलेले व्रण पाहिले, तिथे कानस मारली, पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. असं करत करत चावी झाली. शेवटी कानामागची पेन्सिल काढून त्याने दात्यांवर घासली. पेन्सिलीतलं ग्राफाइट सुकं असतं, घसरतं पण धूळ धरत नाही. चावी एका बोटाने फिरली. आत्याने पैशांवरून घासाघीस केली, कारण गाडी आधी तिच्याच तेलाने सुरू झाली होती.

दापोलीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चुलतभावाच्या ओटीवर आत्याने सगळी हकीकत सांगितली. तिच्यात वाघजाई होती, खोबरेल होतं, चावीवाला अजिबात नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातलं प्रत्येक कुलूप तेलकट लागत होतं आणि चुलतवहिनी दागिन्यांच्या कपाटापुढे पक्कड घेऊन उभ्या होत्या.