पळा, पण गप्पा मारत

आपल्याला पळताना कोणी पाहू नये, एवढीच नवशिक्याची माफक अपेक्षा असते. दादरच्या शिवाजी पार्कात ती पुरी होणं अशक्य. तिथला कट्टा उजाडायच्या आत भरतो आणि त्यावर बसलेला प्रत्येक जण मनातून कोच असतो. ‘टाच आधी पडतेय’, ‘खांदे सोडा’, ‘तोंड मिटा’... एका फेरीत इतके सल्ले मिळतात, की ते नीट ऐकायचे तर थांबावंच लागतं. मला ते सोयीचंच होतं.

डॉक्टरांनी साखरेचा आकडा पाहून भुवया उंचावल्या, म्हणून मुलीने मोबाइलवर ‘काउच टू फाइव्ह के’ घालून दिलं. सोफ्यावरचा माणूस नऊ आठवड्यांत पाच किलोमीटर पळणार! जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये हा कार्यक्रम आखला, तो आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून. एरवी आया मुलांना अंथरुणातून ओढतात. इथे पोराने सूड घेतला.

पहिल्या आठवड्याचं गणित दिसायला गरीब. साठ सेकंद पळा, नव्वद सेकंद चाला, असं वीस मिनिटं. साठ सेकंद म्हणजे काय हो? ‘आलोच एका मिनिटात’ म्हणून गेलेली माणसं आपल्याकडे अर्धा अर्धा तास येत नाहीत. पण पळताना विसाव्या सेकंदाला मला बालपण आठवायचं आणि चाळिसाव्याला मृत्युपत्र. चालायचे नव्वद सेकंद मात्र चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे बघता बघता नाहीसे व्हायचे. लगेच मोबाइलमधली बाई ‘रन’ म्हणायची. तिला घरी कोणी उलट बोलत नसणार.

मार्ग दाखवला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी. “अहो, एवढे धावताय कशाला? आठ-बाराची लोकल सुटतेय का?”

तिथेच तर गोम होती. शाळा सुटल्यापासून मी पळालो तो लोकलसाठीच. पळणं म्हणजे काहीतरी हातचं निसटतंय, अशी शरीराची पक्की समजूत. पाय हलले की छाती धडधडलीच!

सेक्रेटरींचा नियम सोपा होता आणि जाणते कोचही तोच सांगतात: पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. आम्ही तो इतका कमी केला, की उद्यान गणेशाकडे निघालेल्या एक नऊवारीतल्या आजी आम्हाला मागे टाकून गेल्या. “जाऊ द्या, त्यांना आरती गाठायचीय,” सेक्रेटरी म्हणाले आणि सोसायटीच्या पुनर्विकासाकडे वळले.

आता या विषयाला अंत नाही. कार्पेट एरिया झाला, कॉर्पस फंड झाला, चौथ्या मजल्यावरच्यांचा आडमुठेपणा झाला. मोबाइलमधली बाई ‘वॉक’ म्हणाली, तेव्हा मी पार्किंगचा मुद्दा मांडत होतो.

“थांबायचं का?” सेक्रेटरींनी विचारलं.

“थांबता काय? आधी मला सांगा, दुसऱ्या गाडीचं काय?”

त्यावर त्यांचं म्हणणं बरंच लांबलचक होतं. आम्ही पुढची फेरी घेतली.