शेळ्यांच्या खालोखाल

आमचे सासरे, अप्पा, महापालिकेच्या अतिक्रमण विभागातून निवृत्त झाले. ताजमहालासमोर उभं केलं तरी हा गृहस्थ आधी चारी बाजूंना मोकळी जागा किती सोडली आहे ते बघेल आणि मग शहाजहानकडे वळेल. अशा माणसाला दक्षिण इटलीतल्या एखाद्या देखण्या शेतघरात राहायला न्यावं की नाही, याबद्दल प्रवासाच्या कुठल्याही मासिकात एक ओळ सापडत नाही. कल्पना मेहुण्याची. मेहुणा फ्रँकफर्टला असतो आणि तिथे राहून त्याला हॉटेलं आवडेनाशी झाली आहेत. त्याला 'अनुभव' लागतो.

"हॉटेलात काय राहायचं, अप्पा? तिथे सगळं असतं," तो म्हणाला.

या वाक्यातला आक्षेप अप्पांना शेवटपर्यंत कळला नाही.

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया. लाल माती, चुनखडीचा खडक, नजर पोचेल तिथपर्यंत ऑलिव्ह आणि मधूनमधून पांढरेफेक, जाड भिंतींचे शेतीवाडे. त्यांना मस्सेरिया म्हणतात. बरेचसे सोळाव्या ते अठराव्या शतकातले. जमीनदार नेपल्सला नाहीतर लेच्चेला मजेत असायचा. इथे त्याचा कारभारी, मजूर, गुरं, धान्य आणि तेल एकाच आवारात नांदायचं. आता तिथे पाहुणे नांदतात. सगळा परिसर चुन्यानं रंगवलेला. अप्पा म्हणाले, "भिंतींना लावला आहे तोवर ठीक आहे." आमची मस्सेरिया फसानो गावाच्या हद्दीत होती. रस्त्यावरची पाटी वाचून अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेहुण्याकडे पाहिलं.

आम्हा नवराबायकोला मिळालेली खोली पूर्वी खेचरांचा तबेला होती. ही गोष्ट लपवणं दूरच, दाराशेजारी सुबक अक्षरांत लिहून ठेवली होती. आत दगडी कमानीचं छत, दगडी फरशी, पलंग, एक खुर्ची आणि भिंतीत एक खुंटी. टीव्ही नाही, कपाट नाही, पडदे नाहीत. गव्हाण मात्र जागच्या जागी होती, तिच्यात बेसिन बसवलं होतं. रोज सकाळी मी तोंडाला फेस आणून गव्हाणीवर वाकायचो तेव्हा खोलीची परंपरा अखंड चालू असल्यासारखं वाटायचं. शेजारची, धान्याच्या कोठारातली खोली आमच्याहून स्वस्त होती, कारण तिच्यात कपाट होतं. या धंद्याचं गणितच असं आहे: खोलीतून एकेक वस्तू काढत जायची आणि दर वाढवत जायचा. लग्नानंतरची आमची एका खोलीची बिऱ्हाडं आठवून बायको म्हणाली, "तेव्हा आपण किती महागात राहत होतो!"

अप्पांचा पहिला आक्षेप दारातच निघाला. मुख्य दरवाजाच्या बरोबर वर, भिंतीच्या बाहेर आलेला दगडी सज्जा होता आणि त्याच्या तळाला भोक.

"प्रोजेक्शन," अप्पा म्हणाले. "दोन फूट तरी बाहेर आलंय."

मालकानं खुलासा केला, मेहुण्यानं भाषांतर. दाराशी कोणी शत्रू आला की त्या भोकातून त्याच्या डोक्यावर दगड, उकळतं पाणी किंवा तेल ओतायची सोय होती ती. या किनाऱ्याला समुद्राचं भय फार. १४८० साली ऑटोमन सैन्यानं इथून दक्षिणेला ओत्रांतो शहर घेतलं आणि धर्म सोडायला नकार देणाऱ्या सुमारे आठशे जणांची मुंडकी उडवली. त्यांची हाडं तिथल्या कॅथेड्रलमध्ये काचेमागे आजही रचून ठेवलेली आहेत. त्यानंतर चाच्यांचे छापे चालूच राहिले. तेव्हा खिडक्या लहान आणि उंचावर, भिंती हातभर जाड, आणि काही ठिकाणी वरच्या मजल्यावर जायला ओढून घेता येणारी शिडी. आज त्याच खिडक्यांखाली बसून लोक 'काय शांतता आहे' म्हणत लिंबाचं सरबत पितात. पुलियातलं जे जे आपल्याला मोहक वाटतं ते बहुतेक कोणाला तरी चुकवण्यासाठी बांधलेलं असतं, हे मला तिथे हळूहळू उमगत गेलं. अप्पांना लगेच उमगलं. आयुष्यभर ते चुकवणाऱ्यांच्या समोरच्या बाजूला उभे होते.

"पण तेल?" त्यांनी विचारलं. "शत्रूच्या डोक्यावर? वाया नाही का जायचं?"

मालकानं खांदे उडवले. "तेव्हा आजचा भाव नव्हता."

तेलाचा जुना घाणा जमिनीखाली, खडकात खोदलेला. थंडीत तेल गोठू नये म्हणून या भागात घाणे असे तळघरात असायचे. ऑलिव्हचा हंगाम सुरू झाला की माणसं महिनोन्‌महिने खालीच राबायची आणि खालीच झोपायची. डोळे बांधलेलं खेचर दगडाभोवती फिरत राहायचं. इथलं दिव्याचं तेल गाल्लिपोली बंदरातून थेट लंडनच्या दिव्यांपर्यंत जायचं. आमच्या घाण्यात आता मेणबत्त्या आणि गरम पाण्याचं कुंड होतं. बायको तासभर तिथे राहून आली. "इतकं शांत वाटलं, अप्पा, वेळेचं भानच राहिलं नाही."

"खेचरालाही नसणार," अप्पा म्हणाले.

न्याहारी पहिल्या दिवशी उशिरा मिळाली. मेहुणा जर्मन वक्तशीरपणानं तक्रार करायला गेला आणि कायदा ऐकून परत आला. शेतघरात पाहुणे ठेवण्याबद्दल इटलीत १९८५ पासून स्वतंत्र कायदा आहे, २००६ मध्ये तो नव्यानं केला गेला. त्याचा गाभा असा, की माणूस शेतकरीच असला पाहिजे, मुख्य काम शेतीचंच राहिलं पाहिजे आणि पाहुणे हा जोडधंदा. शेळ्यांची धार काढायची राहिली होती, म्हणून आमची कॉफी राहिली. म्हणजे कायद्यानंच आमचा नंबर शेळ्यांच्या खालोखाल. अप्पांना इटलीबद्दल आदर वाटायला सुरुवात झाली ती इथून. सगळ्याच मस्सेरिया या कायद्यात बसत नाहीत, बऱ्याच नुसती हॉटेलं आहेत. किनाऱ्याजवळच्या सावेल्लेत्री गावात तर बोर्गो एन्याझिया नावाचं अख्खं खेडं आहे. जुनं वाटतं, पण उघडलं २०१० मध्ये. २०२४ ची जी-सेव्हन परिषद तिथेच भरली, आपले पंतप्रधानही गेले होते. नवं बांधून जुनं दाखवायचं, यावर अप्पांनी बराच विचार केला. त्यांच्या कारकिर्दीत सगळे नेमकं उलटं सांगायचे: साहेब, हे बांधकाम जुनंच आहे, फक्त नवं दिसतंय.

जेवणाचंही तेच. या भागातल्या पदार्थांचा लौकिकच मुळी गरिबांचा स्वयंपाक असा आहे. चीज परवडत नाही म्हणून पास्त्यावर तेलात परतलेला पावाचा चुरा. सोललेल्या सुक्या बाकल्याच्या दाण्यांचं घोटलेलं वरण आणि शेजारी कडू पालेभाजी. अप्पांच्या मते हे पिठलंच, फक्त फोडणी द्यायची विसरले. आणि एके रात्री काळपट पास्ता आला. कापणीनंतर शेतं जाळली की राखेत उरलेले करपलेले दाणे मजूर वेचायचे आणि त्यांचं पीठ करायचे, कारण चांगला गहू मालकाचा. आता गहू मुद्दाम भाजून तसलं पीठ करतात. मेनूमध्ये त्याची किंमत साध्या पास्त्याच्या वर होती.

"जळकं पीठ," अप्पा सावकाश म्हणाले, "आणि जास्त पैसे." मग त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चव खरंच सुरेख होती, हे मान्य केलं पाहिजे.

दुपारी सगळं बंद. एक ते चार बंद ठेवणारं गाव पुणेकरांनी पाहिलेलं असतं, इथे पाचपर्यंत चिटपाखरू नाही.

पण अप्पांची खरी यात्रा अल्बेरोबेल्लोला झाली. तिथे शंकूच्या टोप्या घातलेली दगडी घरं आहेत, त्रुल्ली म्हणतात त्यांना. हजारावर असतील, १९९६ पासून जागतिक वारसा. पर्यटक 'परीकथेतलं गाव' म्हणून फोटो काढतात. ती परीकथा नसून फाइल आहे, हे फक्त अप्पांनी ओळखलं. सांगतात ते असं: नेपल्सच्या राज्यात नवी वस्ती वसवायची तर राजाची परवानगी लागायची आणि कर भरावा लागायचा. हा मुलूख कोन्वेर्सानोच्या सरदारांचा. त्यांना कुळं हवी होती, कर नको होता. म्हणून त्यांनी फर्मावलं, घरं बांधा, पण चुना-माती न वापरता, दगडावर नुसता दगड रचून. राजाचा अधिकारी निघाल्याची खबर आली की छप्पर उतरवायचं. अधिकारी येतो, दगडांचे ढीग बघतो, 'वस्ती आढळली नाही' असा शेरा मारून जातो. पाठ फिरली की टोप्या पुन्हा डोक्यावर.

अप्पा भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मी त्यांना एवढं भारावलेलं कधी पाहिलं नव्हतं, मुलीच्या लग्नातसुद्धा नाही.

"आमचे लोक पत्रे काढायचे," ते म्हणाले. "गाडी चौकात आली की पत्रे खाली, आम्ही चहा पिईपर्यंत पत्रे वर. मला वाटायचं ही कल्पना आमच्या वॉर्डातली."

ही लपाछपी संपली १७९७ साली. गावकऱ्यांनी राजा चौथ्या फर्दिनांदकडे दाद मागितली आणि त्यानं गावाला सरदाराच्या कचाट्यातून मोकळं केलं. त्याच वर्षी चुना वापरून पहिलं पक्कं घर उभं राहिलं, ते आजही चौकाजवळ आहे. राजाज्ञेचा उल्लेख आणि साल लॅटिनमध्ये कोरलेलं. अप्पांनी चष्मा पुसून ते वाचलं.

"बघा जावईबापू. परवानगी दर्शनी भागावर. हा नियम आम्ही आयुष्यभर फक्त परिपत्रकात वाचला."

फसानो आणि ओस्तुनीकडची म्हातारी ऑलिव्हही त्यांना आवडली. पिळवटलेली खोडं, काहींचं वय हजाराच्या पुढे मानतात, आणि २००७ च्या प्रांतिक कायद्यानुसार अशा झाडांची सरकारदरबारी नोंद. परवानगीशिवाय हात लावायचा नाही. दक्षिणेला सालेंतोकडे गेलो तेव्हा मात्र मैलोन्‌मैल राखाडी सांगाडे दिसले. झायलेला नावाचा जिवाणू, एका किड्यानं पसरवलेला, २०१३ मध्ये गाल्लिपोलीजवळ सापडला आणि लाखो झाडं वाळवून गेला. रोगट झाडं तोडायचे आदेश निघाले, शेतकरी झाडांना कवटाळून बसले, २०१५ मध्ये लेच्चेच्या सरकारी वकिलांनी तोड थांबवली आणि शास्त्रज्ञांचीच चौकशी लावली. ती काही वर्षांनी बंद झाली, रोग तोवर उत्तरेकडे सरकला होता.

"स्टे मिळाल्यानं रोग थांबत नाही," अप्पा म्हणाले. पण तोडायला गेलेल्या पथकाची बाजूही त्यांनी घेतली नाही. झाडं पाडताना कधी बरं वाटलं नाही म्हणाले, टपऱ्या पाडतानाही.

पाण्याची इथे कायमची मारामार. जवळच्याच व्हेनोसात जन्मलेल्या होरेस या लॅटिन कवीनं लसणावर चिडून लिहिलेल्या कवितेत जाता जाता पुलियाला तहानलेला म्हणून टाकलंय. बारी शहरात १९१५ साली नळ आले तेही अपेनाइन डोंगरापलीकडच्या सेले नदीचं पाणी आणून. आणि आमच्या अंगणात निळाशार तलाव, पोहायला. अप्पा त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. शेवटच्या रात्री वाइन झाल्यावर त्यांनी मालकाला मेहुण्यामार्फत विचारलं, हा तलाव कागदावर काय आहे?

मेहुण्यानं आपल्या वडिलांचं जुनं खातंही भाषांतर करून सांगितलं. मालकाचा चेहरा क्षणभर पांढरा झाला, मग तो खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "सिंचनाची टाकी."

"शेततळं!" अप्पा आनंदानं ओरडले. "आमच्याकडे याला अनुदान मिळतं."

सकाळी अप्पांच्या दाराशी पाच लिटर ऑलिव्ह तेलाचा डबा उभा होता, मालकाकडून सप्रेम. नोकरीत ज्यांनी कोणाचा चहा घेतला नाही ते अप्पा डबा उचलून तडक ऑफिसात गेले. पैसे घ्या आणि पावती द्या, नाहीतर डबा परत. मालक आधी नको नको म्हणत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की तेलाची विक्री खोल्यांच्या भाड्यात धरत नाहीत, ती शेतीच्या उत्पन्नात जाते, आणि त्या रकान्यात जितकं पडेल तितकं त्याला हवंच असतं. त्यानं घाईघाईनं पावतीपुस्तक काढलं आणि अप्पांना विचारलं, आणखी दोन डबे घेता का?