सत्तेचाळीस टक्क्यांवर

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले की जरा इकडे कुंपणापाशी या. काल रात्री एक वाजेपर्यंत आमच्याकडे दिवा का जळत होता, ते तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. भांडण नव्हतं. फोन होता.

ह्यांचा तो कोपऱ्यात तडकलेला फोन माहितीय ना? बॅटरी अजून ठणठणीत, पण कंपनीनं अपडेट द्यायचं कधीच बंद केलं. धाकटा म्हणाला, "बाबा, नवा कशाला घेताय? ह्यातच नवं अँड्रॉइड बसवतो." पैसे वाचतात म्हटल्यावर ह्यांचा होकार काय, तयारच!

तर फोन सुरू केला की आधी जो जागा होतो, तो बूटलोडर. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरीच म्हणा. कंपनीचा शिक्का असलेलं सॉफ्टवेअर दिसलं तरच आत सोडणार. त्याला आधी फितवायचं. सेटिंगमध्ये बिल्ड नंबर असतो, त्यावर सात वेळा टकटक करायची, की फोन सांगतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. ह्यांनी ते मला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. मग आत जाऊन ओईएम अनलॉकिंग चालू करायचं आणि वर कंपनीकडे अर्ज. त्यानंतर किती थांबायचं? १६८ तास! मी बोटांवर मोजलं, बरोबर सात दिवस. आमचे गणपती दीड दिवसात जातात हो! सगळ्याच कंपन्या असं ताटकळत ठेवत नाहीत म्हणे. काही तर किल्ली देतच नाहीत.

काल सातवा दिवस भरला. पहिला तास केबलनं खाल्ला. कॉम्प्युटरला फोन दिसेचना. शेवटी कळलं, ती केबल नुसती चार्जिंगची होती. दुसरी लावली, पहारेकऱ्याचं कुलूप निघालं आणि फोन धुऊनपुसून रिकामा. असा कसा कायदा, म्हटलं. तर म्हणतो, "आई, चोरानं फोन पळवून कुलूप काढलं तर आतलं काही त्याच्या हाती लागू नये म्हणून." हे मात्र पटलं मला. फोटो त्यानं आधीच उतरवून ठेवले होते, शहाणा आहे तसा.

मग ते नवं अँड्रॉइड, लिनिएजओएस. पूर्वी सायनोजेनमॉड होतं ना, २०१६ च्या शेवटी बंद पडलं, त्याचंच हे पुढचं घराणं. जगभरातली हौशी मंडळी पदरमोड करून चालवतात म्हणे. तर ते कॉम्प्युटरवरून फोनमध्ये ढकलायचं, साइडलोड म्हणतात त्याला. आकडा चढतोय, चढतोय, आणि ४७ टक्क्यांवर ठप्प! दहा मिनिटं झाली तरी हलेना. ह्यांचा चेहरा पाहवेना. "गेला फोन!" मी गुपचूप देवापाशी दिवा लावून आले. आणि धाकटा खो खो हसतोय. कॉम्प्युटर कधीकधी ४७ वरच अडतो, पण तिकडे फोनमध्ये काम केव्हाच फत्ते झालेलं असतं. हे त्यानं आधी नको का सांगायला?

आता फोन पळतोय अगदी. पण सकाळी बँकेचं ॲप उघडेना. पहारेकरी फितलाय हे त्याला लगेच वास येऊन कळतं. सिनेमाही काही ॲपवर धूसरच दिसतो. शिवाय दर वेळी चालू करताना इशाऱ्याची पाटी झळकते, ती वाचून ह्यांना वाटलं व्हायरसच शिरला. मी म्हटलं, मग लाव की परत कुलूप. तर धाकटा ओरडलाच, "तसं नको! आता कुलूप लावलं तर पहारेकरी घरच्यांनाच चोर ठरवेल आणि फोनची वीट होईल." राहू दे बाई उघडाच. आणि पुढची मोठी आवृत्ती आली की परत केबल, परत ते ढकलणं, परत माझा दिवा.

नाही, चहा नको, आत्ताच झाला. मी आले होते दुसऱ्याच कामाला. माझ्या फोनात जागा नव्हती, म्हणून भिशीची यादी ह्यांच्या फोनात लिहून ठेवली होती. फोटो उतरवले मेल्यानं, यादी नाही. तेव्हा वहिनी, गेल्या महिन्याचे तुम्ही दिले होतेत, की मीच तुमचे भरले होते?