फोनचं भोक बुजवणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
समस्त मोबाईल कंपन्यांचे थोरले साहेब,
मु. पो. कूपर्टिनो, सुवॉन, शेन्झेन व इतरत्र

विषय : हेडफोनचं भोक बुजवून दिल्याबद्दल आभार मानणेबाबत.

स. न. वि. वि.

आपण केलेले उपकार आमच्या खिशात आहेत आणि त्यांचे हप्ते अजून फिटायचे आहेत, म्हणून हे पत्र. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर ॲपलच्या फिल शिलर साहेबांनी आयफोन ७ दाखवला आणि त्याला हेडफोनचा जॅक का नाही, याचं उत्तर एका शब्दात दिलं : धैर्य. आमच्याकडे धैर्य म्हटलं की घोरपड लावून कडा चढणारे मावळे डोळ्यांपुढे येतात. साडेतीन मिलिमीटरचं भोक बुजवायलाही तेवढीच छाती लागते, याची आम्हां अडाण्यांना कल्पना नव्हती. त्याच कार्यक्रमात साहेबांनी बिनवायरीचे एअरपॉड्सही काढून दाखवले, किंमत १५९ डॉलर. वायरवाले इअरपॉड्स तेव्हा २९ डॉलरला मिळत. आवळा देऊन कोहळा काढणारे आम्ही पुष्कळ पाहिले. आपण आवळासुद्धा दिला नाहीत. आमच्याच हातातला काढून घेतलात आणि वर कोहळ्याचं बिल पाठवलंत.

तसं पाहिलं तर हा मान एकट्या ॲपलचा नाही. त्याच वर्षी मोटोरोलाच्या मोटो झेडने आणि चीनच्या लेईकोने आधीच भोक बुजवलं होतं, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पाटलाने मिशी उतरवली की मगच गाव वस्तरा शोधायला लागतं. गूगलने २०१६ मध्ये आपल्या पहिल्या पिक्सेलच्या जाहिरातीत ‘आमच्याकडे जॅक आहे हो’ असं मिरवून घेतलं आणि २०१७ च्या पिक्सेल २ मधून तो काढून टाकला. सॅमसंगने तर २०१८ मध्ये आयफोनला जुनी वायर जोडायला लागणाऱ्या लोंबत्या डोंगलची यथेच्छ टिंगल करणाऱ्या फिती काढल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांचा नोट १० आला तेव्हा भोक गायब, आणि पाठोपाठ टिंगलीच्या फितीही गायब. साहेब, आमच्या वाड्यातल्या भाडेकरूंना हे कौशल्य यायला दोन पिढ्या लागल्या होत्या.

कारणंही आपण किती छान दिलीत! म्हणे आत जागा नाही. म्हणे पाणी शिरतं. २०१६ च्याच मार्चमध्ये बाजारात आलेला सॅमसंगचा गॅलॅक्सी एस ७ जॅकसकट पाण्यात बुडवला तरी चालत होता. सोनीने एक्सपीरियातून जॅक काढला आणि २०२० मध्ये एक्सपीरिया १ मार्क २ ला तो परत बसवला, पाण्यापासूनचं संरक्षण शाबूत ठेवून. जागेचं म्हणाल तर २०१७ मध्ये एका अमेरिकन इंजिनिअराने शेन्झेनच्या बाजारातून सुटे भाग गोळा करून, महिनोन्‌महिने खटपट करून, आयफोन ७ मध्ये चालणारा जॅक बसवून दाखवला. आणि ज्या मॅकबुकमध्ये ॲपलने इतर कितीतरी भोकं बुजवली, त्यात हेडफोनचं भोक आजही आहे. उलट २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये त्याची जास्त दमदार आवृत्ती दिल्याचं कौतुकही झालं. म्हणजे धैर्य फोनपुरतंच होतं, लॅपटॉपपर्यंत पोचेस्तोवर संपलं.

खरा गुन्हा काय, ते आम्हांला कळलंय. त्या भोकाला मालक नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरबाई ज्या जाडजूड पिना या भोकातून त्या भोकात खुपसायच्या, त्यांचीच ही धाकटी पाती. ट्रान्झिस्टरला ती चालली, टेपला चालली, कॉम्प्युटरला चालली. १९७९ च्या सोनीच्या पहिल्या वॉकमनला तर अशी दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. टोकाला डावा कान, त्याखाली उजवा, मग अर्थिंग, मग माईक. मध्ये तीन काळ्या रेघा. एवढ्यात सगळा कारभार. उल्हासनगरच्या गाळ्यात जुळवलेली वायरही त्यात जायची आणि जर्मन कंपनीची हजारोंचीही, आणि दोघींनाही कोणाची परवानगी लागत नव्हती. याउलट आयफोनच्या लाइटनिंग नावाच्या तोंडाला बसणारं अधिकृत सामान बनवायचं तर ॲपलचा परवाना लागे. फुकटच्या सार्वजनिक नळाला कुलूप लागलं की पाण्याचा धंदा आपोआप उभा राहतो, हे तत्त्व आमच्या नगरसेवकांना ठाऊक होतं. आपण ते खिशापर्यंत आणलंत.

आता जरा आमच्या स्टेशनबाहेर जिन्याखाली बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे चला. साहेब लोकांना बसायला स्टूल नाही, पण उभं राहता येईल. वायरवाला इअरफोन बहुतेक एकाच ठिकाणी मरतो : पिनेच्या मानेशी, जिथे वायर रोज वाकते. हा गडी ब्लेडने ती मान उडवतो आणि वरचं रबर सोलतो. आत केसाएवढ्या तांब्याच्या तारा, एक लाल, एक हिरवी, एक सोनेरी, प्रत्येकीत धागा पिळलेला. हे रंग म्हणजे व्हार्निश, त्याच्यावर डाग धरत नाही. म्हणून तो तारांच्या टोकांना लायटरची ज्योत नुसती दाखवतो, नखाने काजळी पुसतो, राळेच्या डबीत सोल्डरिंगची पेन्सिल बुडवतो. थोडा धूर होतो. ‘लाल उजवा, हिरवा डावा,’ असं पुटपुटत तो नव्या पिनेच्या पायांना तारा डागतो, वर टोपण फिरवतो, आपल्या फोनवर लावून कुठल्यातरी गाण्याची सुरुवात ऐकतो आणि माझ्यापुढे धरतो. सांगितलेला चहा अजून आलेला नसतो. पैसे किती, तर दोन वडापावांचे.

त्याच्याच पुढ्यात मी घरात पडून असलेली बिनवायरीच्या इअरबडची एक जोडी ठेवली. कंपनीचं नाव सांगत नाही, तुम्हां सगळ्यांच्या घरचं एकच वळण आहे. त्याने एक बड उचलून नखाने सांधा चाचपला, स्क्रू शोधला, मिळाला नाही. ‘उघडता येतं, बंद करता येत नाही,’ एवढं बोलून त्याने तो परत डबीत टाकला. आतली लिथियमची बॅटरी गोळीएवढी, सगळं डिंकाने चिकटवलेलं. चिमटा घुसला तर बॅटरी पेटायची धास्ती. सुटे भाग सोडवून तपासणाऱ्या आयफिक्सिटने एअरपॉड्सना दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले होते, ते काही उगीच नाही. शिवाय बॅटरी छोटी म्हणजे दर काही तासांनी रिकामी, पुन्हा भरा, पुन्हा रिकामी. काहीशे फेऱ्यांत तिचा जीव आटत जातो आणि दोन-तीन वर्षांत दादरला चढलेला माणूस ठाण्याला उतरायच्या आधीच कान मुके होतात. जुन्या वायरीत बॅटऱ्या किती होत्या? शून्य. तुमच्या जोडीत किती? डाव्यात एक, उजव्यात एक, डबीत एक. याला प्रगती म्हणतात आणि प्रगतीला वजन असतं, हे मान्यच करायला हवं.

पण भंगारवाल्याच्या काट्यावर तिला वजन नसतं, तिथे घोटाळा होतो. तो वायर घेतो, कारण वायरीत तांबं आहे आणि तांब्याला भाव आहे. (ते तांबं काढायला पुढे कुठेतरी वायरीचे ढीग जाळतात आणि तो काळा धूर कोणाच्या तरी पोराच्या छातीत जातो, हेही खरं. तेव्हा वायर सोवळी आहे असा आमचा दावा नाही.) इअरबडकडे बघून तो मान हलवतो. किलोला भाव काय लावणार? फोडायला वेळ जास्त, निघणार काय ते चिमूटभर. म्हणून ते बड ड्रॉवरमध्ये पडून राहतात नाहीतर ओल्या कचऱ्यात जातात, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले की कधी कधी आपला जाळ दाखवतात. काही तर तिथवरही पोचत नाहीत. २०२० मध्ये टोकियोतल्या ७८ स्थानकांवर तीन महिन्यांत इअरफोन रुळांवर पडल्याचे सुमारे ९५० प्रसंग नोंदले गेले, आणि ते खडीतून ओढून काढायला तिथल्या रेल्वेने पॅनासॉनिकच्या मदतीने खास व्हॅक्युम क्लीनरची चाचणी घेतली. वायर निदान गळ्यात अडकायची.

आणि हे सगळं आपण निसर्गासाठी करता, हा भाग तर आम्हांला फार आवडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर आणि इअरफोन दोन्ही निघाले. खोकं लहान झालं, एका पॅलेटवर ७० टक्क्यांपर्यंत जास्त खोकी मावतात, पृथ्वीचं भलं होतं, असं सांगण्यात आलं. जुने चार्जर लोकांकडे आहेतच, ते वापरा! फक्त खोक्यात जी वायर दिली तिचं टोक टाइप-सीचं, आणि लोकांकडचे बहुतेक जुने ॲपल चार्जर दुसऱ्याच तोंडाचे. मग लोकांनी नवा चार्जर आणला, वेगळ्या खोक्यात, वेगळ्या टेम्पोने. फ्रान्समध्ये तर फोनबरोबर इअरफोन देण्याची कायद्याने सक्ती होती. तिथे तेच छोटं, पर्यावरणस्नेही खोकं इअरफोनसकट आणखी एका मोठ्या खोक्यात घालून विकलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आमच्याकडे म्हणतात. इथे सोनूबाईला दोन डबेही होते.

ही चेष्टा फक्त ॲपलची नको. प्रामाणिक, टिकाऊ, स्क्रू खोलून दुरुस्त करता येणारा म्हणून ज्याचं नाव, त्या नेदरलँड्सच्या फेअरफोनने २०२१ मध्ये फेअरफोन ४ मधून जॅक काढला आणि त्याच सुमारास स्वतःचे बिनवायरीचे इअरबड बाजारात आणले. देवळातल्या पुजाऱ्यानेच प्रसाद विकायला काढला, तर गावाने कोणाकडे बघायचं? तरी त्यांना एक श्रेय द्यायला हवं. २०२४ मध्ये त्यांनी बॅटरी बदलता येणारे इअरबड काढले. म्हणजे होतं, साहेब. इच्छा असली की स्क्रूसुद्धा मावतो.

जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. इअरफोन ज्या छोट्या उपकरणांच्या गटात मोडतात, त्याचं प्रमाण तर १२ टक्के. आता आपले वकील म्हणतील की त्या ढिगात इअरबडचं वजन ते काय! बरोबर आहे. आपलं वजन नेहमीच कमी भरतं, म्हणूनच ते कोणाच्या हिशेबात येत नाही.

हे तक्रारीच्या सुरात गेलं असेल तर राग नसावा. अजून एकच. फोनमधला एफएम रेडिओ इअरफोनच्या वायरीलाच अँटेना म्हणून वापरतो. भोक गेलं, वायर गेली, की बहुतेक फोनांतला रेडिओही मुका. वादळात टॉवर पडतात तेव्हा आकाशवाणी चालू असते, ही गोष्ट कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोनमधला एफएम चालू ठेवा, असं कंपन्यांना कळवलंही. आपण कानावर हात ठेवलेत. कानात बड असल्यावर तेही सोपं जातं. गंमत अशी की दहा हजारांच्या आतबाहेरच्या पुष्कळ फोनांत भोक अजून आहे. लाखाचा फोन घेणाऱ्यालाच ते परवडत नाही.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. युरोपातल्या सोनाराने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनांना टाइप-सीचं एकच तोंड सक्तीचं केलं, आणि ॲपलने ते वर्षभर आधीच निमूट बसवलं. धैर्याचा उल्लेख या वेळी ऐकू आला नाही. १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, हातातल्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे, असाही तिथला नियम आहे. आमच्या सोनारानेही ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार माल बनवणाऱ्यानेच त्याच्या शेवटाची जबाबदारी घ्यायची. ती आपण नोंदणीकृत पुनर्वापरवाल्यांकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन पार पाडू शकता. कागद पोर्टलवर फिरतो, बड ड्रॉवरमध्ये राहतो, सगळे सुखी.

तरी नियमात जबाबदारी आपली म्हटली आहे, त्या अर्थी पुढील वस्तू आपल्या सुपूर्द करण्यास आमची सोसायटी तयार आहे. पोस्टात लिथियमच्या बॅटऱ्यांचं पार्सल घेताना कटकट करतात, तेव्हा न्यायला आपला माणूस पाठवावा. दुपारी एक ते चार येऊ नये. येताना पावतीपुस्तक आणि वजनकाटा आणावा, काटा सोनाराचा असल्यास बरं.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
एक वायरवाला ग्राहक

सोबत : १) मेलेले इअरबड, बिस्किटाचा एक डबा भरून, त्यात डाव्या कानाचे जास्त. २) डोंगल, न चालणारी. ३) डोंगल, चालणारी पण दुसऱ्याच कंपनीच्या फोनला. ४) फोनबरोबर आलेली पुस्तिका, ‘आम्ही पृथ्वीची काळजी घेतो’ असं चौदा भाषांत छापलेली, मराठी वगळून.